गोड्या गावातली खारी पेटी

मी एक जुनी काचेची पेटी आहे. आज मला पाहाल तर म्हणाल, ही कोकरांना पाणी पाजायची कुंडी. तुमचं चुकत नाही, सध्या माझं काम तेच आहे. पण मित्रांनो, एके काळी माझ्यात समुद्र होता. पिशवीतल्या मिठानं केलेला का होईना, पण हिंगोली जिल्ह्यात दुसरा होता तरी कुठे?

माझा जन्म मुंबईचा. एका अरुंद गाळ्यात काच कापली, कडांना चिकट मसाला भरला आणि पाच काचा जोडून मला उभं केलं. मला मोठ्या हॉटेलात, रंगीत दिव्याखाली बसायचं होतं. नशिबानं नेलं माशांच्या एका दुकानात, मागच्या अंधाऱ्या फळीवर. तिथं प्रभू नावाचा तरुण कामाला होता. तो आखाडा बाळापूरजवळच्या एका वस्तीवरचा, मेंढ्या पाळणाऱ्या घरातला. मेंढ्या सोडून माशांमागं कसा लागला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण माझ्या काचा तो आरशासारख्या पुसायचा आणि मी त्याच्यावर खूश होते.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली ते दुकान बंद झालं. सगळे मासे विकले गेले, फक्त एक समुद्रातली लहानगी मासोळी उरली. अंग गर्द निळं, त्यावर एकात एक पांढरी वळी. शेपटी थोडी फाटलेली, म्हणून कुणी नेली नाही. मालक म्हणाला, "घेऊन जा पेटीसकट." प्रभूला तेव्हा एका मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं होतं. जहाजावर चढण्याआधी तो आम्हाला आईकडे घेऊन निघाला. नांदेडपर्यंत रेल्वे, पुढं एस.टी. मी गोधडीत गुंडाळलेली, मासोळी हवा भरलेल्या पिशवीत. कंडक्टरनं विचारलं, "पिशवीत काय हाये?" प्रभू म्हणाला, "समुद्र हाये." कंडक्टर हसला आणि पुढं गेला.

प्रभूची आई भागाबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ती एकटी आणि बाहेर वाड्यात शेरडं-मेंढरं. पत्र्याच्या घरात खिडकीजवळ मला ठेवलं. भागाबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिनं माझ्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "मायबाई! हे कसं पिऊन राहिली ही?" मग बराच वेळ ती मासोळीकडे बघत बसली आणि म्हणाली, "राणीवानी चालते. राजनंदिनी म्हणू हिला."

प्रभूनं आईला सगळं शिकवलं. पाणी आटलं की काचेवर केलेल्या खुणेपर्यंत विहिरीच्या गोड्या पाण्याचा तांब्या ओतायचा, कारण पाणी उडून जातं पण मीठ मागं राहतं. पण मासोळीला कधीही नुसत्या गोड्या पाण्यात टाकायचं नाही. "गोड्या पाण्यात ही मरते, माय. ध्यानात ठेव." आणि निघताना, खांद्यावर पिशवी टाकून, तो बोलून गेला, "ही समुद्राची हाये अन् मी बी समुद्रावर चाललो. हिला सांभाळलं म्हणजे मला सांभाळल्यासारखंच."

प्रभूला गोड बोलायची सवय होती. एस.टी. वळणावर गेली असेल तोवर तो ते विसरलाही असेल. भागाबाईनं मात्र खूणगाठ बांधली. राजनंदिनीनं दाणे खाल्ले की ती म्हणे, "जेवलं लेकरू." राजनंदिनी कोपऱ्यात गप्प राहिली की तिला वाटे, समुद्रावर वादळ उठलं. मासोळी जिवंत तर पोरगं जिवंत. असा हिशेब तिनं मनाशी मांडला आणि मोडायची सोय ठेवली नाही.

मित्रांनो, त्या वर्षांत मी फार दिमाखात होते. पंचक्रोशीतली माणसं मला बघायला येत, लेकरं काचेला नाक लावत. उन्हाळ्यात पत्रा तापला की भागाबाई मला ओल्या पोत्यांनी गुंडाळी. वीज गेली की हवा सोडणारं यंत्र बंद पडे, आणि वीज तर रोजच जायची. मग ती तांब्यानं माझं पाणी उचलून उंचावरून परत माझ्यातच ओतत बसे. हात भरून आले तरी थांबत नसे. बाजारात सिद्धेश्वर धरणातले झिंगे आले की राजनंदिनीसाठी ते बारीक चिरून देई. हळूहळू लोकांचं नवल संपलं, येणारे थांबले. उरलो आम्ही तिघी.

बाजाराच्या दिवशी भागाबाई बाळापूरला जाई. तिथं गोपीचंदच्या दुकानात एस.टी.डी. फोन होता आणि महिन्यातून कधीतरी प्रभूचा फोन येई. घरी आल्यावर शब्द न् शब्द ती राजनंदिनीला सांगे. मला नाही हं! माझ्यातून आरपार बघत ती राजनंदिनीशी बोले. काचेचं नशीबच तसं, सगळे तिच्यातून बघतात, तिच्याकडे कुणी बघत नाही. पण त्यामुळंच मला सगळं कळे.

मग एकदा प्रभूचा कुणी दोस्त नांदेडला येणार होता, त्याच्याबरोबर प्रभूनं आणखी एक मासा पाठवला. राजनंदिनीला सोबत व्हावी म्हणून. भागाबाई इतकी हरखली की तिनं पिशवी फोडून तो सरळ माझ्यात सोडला. आता बघा, बाजारातून आणलेली नवी मेंढी ती कधी एकदम कळपात सोडत नसे. आधी काही दिवस वेगळी बांधून बघे, खोकते का, पातळ हगते का. पण मासा म्हटल्यावर तो शहाणपणा वाड्यातच राहिला. नवा मासा लवकरच मेला आणि जाताना आपले किडे राजनंदिनीला देऊन गेला.

राजनंदिनी दगडाला अंग घासू लागली. कल्ले भराभर हलू लागले, डोळ्यावर पांढरट सारा आला, झिंग्यांना ती तोंड लावेना. भागाबाईनं एका नजरेत ओळखलं, "जंत झाले हिला. मेंढरू असंच खांबाला अंग घासतं."

रोग बरोबर ओळखला, पण उपाय मेंढीचा केला. मेंढरांना जंताचं औषध बांबूच्या नळीनं घशात ओततात. माशाला पाजायचं कसं? तो तर दिवसभर पाण्यातच तोंड उघडून असतो. तेव्हा तिनं बाटलीचं टोपणभर औषध सरळ माझ्यात ओतलं आणि हात जोडले. माझं पाणी ताकासारखं झालं. राजनंदिनी वर येऊन हवा गिळू लागली. भागाबाई घाबरली. प्रभूनं पिशवीत ठेवून दिलेल्या समुद्री मिठाचं नवं पाणी तिनं घाईघाईनं कालवलं आणि जुनं उपसून टाकलं. तेवढ्यावर ते निभावलं. पण जंत राजनंदिनीच्या पोटात नव्हतेच, ते कातडीला आणि कल्ल्यांना चिकटले होते. काचेसारखेच आरपार, म्हणून कुणाला दिसत नव्हते.

पुढच्या बाजाराला ती गोपीचंदच्या दुकानात दिवसभर बसून राहिली. फोन आला. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. माझ्यासमोर बसून ती राजनंदिनीला म्हणाली, "प्रभू म्हणतो, गोड्या पाण्यात बुडव हिला. जाताना म्हणला गोड्या पाण्यात मरती, आता म्हणतो बुडव. गोपीचंद म्हणतो, मावशी, बराबर ऐकलं का तुमी? मी दोनदा इचारलं, बाई. तेच म्हणला."

तिच्यासोबत गोपीचंदही आला होता. शेवटी त्यानंही फोन घेऊन प्रभूचं ऐकलं होतं, तो दाराशी उभा राहून समजावू लागला. "मावशी, त्यो काय म्हणला, ते किडे बी खाऱ्या पाण्यातलेच. गोड्या पाण्यात किड्याचा जीव आधी जातो, मासोळी थोडी टिकती. कोणाचा दम जास्त, येवढाच खेळ हाये."

"अन् हिचा दम आधी गेला तर?" भागाबाईनं विचारलं. गोपीचंदला ती फक्त माशाबद्दल विचारते आहे असं वाटलं. मला माहीत होतं, ती कुणाच्या दमाबद्दल विचारत होती. राजनंदिनी मेली तर तिच्या लेखी त्याच घटकेला दूर समुद्रात तिचं पोरगं बुडणार होतं, आणि तेही तिच्या स्वतःच्या हातानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं निळ्या टबात विहिरीचं पाणी घेतलं. प्रभूनं सांगितल्याप्रमाणं चिमूटभर खायचा सोडा टाकला. पाणी माझ्याइतकंच कोमट हवं होतं. बाळंतिणीच्या लेकराला न्हाऊ घालताना घालतात तसं तिनं कोपर आधी माझ्यात घातलं, मग टबात, परत माझ्यात. हवेची नळी टबात सोडली. जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात राजनंदिनीला अलगद धरून उचललं. माझ्यात एकही जीव राहिला नाही. इतकी रिकामी मी दुकानाच्या फळीवरही नव्हते.

किती वेळ बुडवायचं? घड्याळ त्या घरात नव्हतं. प्रभूनं सांगितलं होतं, "खंडोबाची आरती म्हण, माय. आरती सरली की काढ. मधी काढू नको." भागाबाईनं मासोळी टबात सोडली आणि आरती सुरू केली. राजनंदिनीनं एक उसळी मारली, गिरकी घेतली आणि कुशीवर पडली. भागाबाईचा आवाज चिरकला. हात पाण्याकडे गेला आणि मागं आला. मित्रांनो, तिला घाईनं आरती उरकता आली असती. दोन कडवी गाळली असती तरी कोण बघत होतं? पण देवाच्या आरतीत चोरी कशी करायची? ती रोजच्याच चालीनं म्हणत राहिली आणि डोळ्यांतलं पाणी टबात पडत राहिलं. तेवढंच काय ते खारं पाणी त्या टबात होतं.

आणि मग राजनंदिनीच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले. आरपार किडे मरून पांढरे झाले होते. एकेक सुटून टबाच्या तळाशी पडू लागला, सुपातून कण्या पडाव्यात तसा. शेवटचं कडवं संपलं, भागाबाईनं तिला उचलून माझ्यात सोडलं. राजनंदिनी तळाशी निपचित पडली. बाहेर मेंढरं ओरडत होती, त्यांना सोडायला कुणी गेलं नाही. ऊन खिडकीतून आत आलं तेव्हा तिनं शेपटी हलवली. भागाबाई भिंतीला टेकून मोठ्यानं रडली. "वाचलं गं माझं लेकरू," एवढंच म्हणाली.

किड्यांची अंडी माझ्या दगडांत आणि कोपऱ्यांत उरली होती, म्हणून काही दिवसांनी तेच पुन्हा करावं लागलं. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून तिनं चपट्या जंतांची गोळी आणली. प्रभूनं फोनवर तेच नाव सांगितलं होतं. डॉक्टर हसले, म्हणाले, "मावशी, माशाचा रोगी माझ्याकडं पहिलाच." पण गोळीची पूड करून दिली आणि पाण्यात किती टाकायची तेही समजावलं. ती कडू पूड मी आनंदानं गिळली. राजनंदिनी पुन्हा झिंगे खाऊ लागली.

त्यानंतर प्रभूचे फोन कमी झाले, आणि एका वर्षी बंदच झाले. भागाबाई काचेसमोर बसे आणि बघत राही. राजनंदिनी वाढत होती. तिच्या अंगावरची पांढरी वळी विरत गेली, निळा रंग मावळून हिरवट सोनेरी झाला. त्या जातीचं असंच असतं, लहानपणीचा झगा मोठेपणी राहत नाही. "मासा जिवंत हाये म्हणजे पोरगं जिवंत हाये," भागाबाई म्हणे. मग विचारी, "मग येत काहून न्हाई?"

तो आला दोन हजार सातला. पोट सुटलेलं, दाढी, डोक्याला टक्कल. आता मुंबईतच असतो, लग्न केलं, एक मुलगी आहे, असं तुटक तुटक सांगत होता. चहा पिता पिता त्याची नजर माझ्याकडे गेली.

"माय, जुनी मेली का? ही दुसरी कुठून आणली?"

भागाबाईनं कप खाली ठेवला. "तीच हाये."

"न्हाई गं. तिच्या अंगावर वळी होती."

"तू उंबऱ्यात उभा राहिला तवा मी इचारलं का, हा दाढीवाला कोण म्हणून?" भागाबाई म्हणाली. "मी वळखलं. तुला काहून वळखू येईना रे?"

प्रभूच्या कपातला चहा तसाच निवला. दुसऱ्या दिवशी आपला नंबर भिंतीवर कोळशानं लिहून तो गेला.

राजनंदिनी आणखी बरीच वर्षं जगली आणि म्हातारी होऊन गेली. रोग नाही, काही नाही, एका सकाळी तळाशी होती. भागाबाईनं तिला लिंबाखाली पुरलं. मग हात न धुताच कोणाकडून तरी भिंतीवरचा नंबर उतरवून घेतला आणि बाळापूरची वाट धरली. गोपीचंदच्या दुकानात जाऊन तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः फोन लावला.

परत आली ती दिवस कलताना. माझ्यासमोर बसली. माझ्यात आता कुणीच नव्हतं, तरी ती बोलू लागली, आणि मला उशिरानं उमगलं की त्या दिवशी ती माझ्याशी बोलत होती.

"हॅलो म्हणला," ती म्हणाली. "मी म्हणलं, कोण, प्रभू का? व्हय म्हणला. काय झालं म्हणला. मी म्हणलं, काय न्हाई, सहज. मासा मेल्याचं सांगितलं न्हाई मी. आवाज आला ना त्याचा. मग बस."

मित्रांनो, माझ्या कोपऱ्यात अजून मिठाची एक पांढरी रेघ आहे. कोकरं पाणी पितात आणि मग ती चाटतात. दर वर्षी ती थोडी कमी होते. जीव घरी आणाल तेव्हा त्याच्या अंगाकडे रोज नीट बघा. नवा असेल तर आधी वेगळा ठेवा, आजारी पडला तर घाई न करता, चोरी न करता उपाय पुरा करा. आणि तुमच्या घरी कुणी एकटं माणूस एखाद्या माशात तुम्हाला बघत बसलं असेल, तर त्याला एवढं लांबून बघायला लावू नका. काही नाही, सहज म्हणून एक फोन करा.