तिसऱ्या बेसवरचा चेंडू

बेसबॉलच्या मालिकेतल्या शेवटच्या सामन्यात वेंडेल ओक्सने मारलेला चेंडू तिसऱ्या बेसच्या, म्हणजे जमिनीत बसवलेल्या चौकोनी गादीच्या, कोपऱ्यावर आपटला, टुणकन उडाला आणि तिथल्या खेळाडूच्या डोक्यावरून निघून गेला. ग्रॅफ्टनसारख्या लहानशा गावाचा संघ पहिल्यांदाच विजेता ठरला. पुढे वेंडेलचा गुडघा गेला, खेळ सुटला, तो टायरच्या दुकानात लागला. पण गाव त्याला त्या फटक्यातून बाहेर पडू देईना.

खरं तर तो फसला होता. चेंडू जोरात येणार असं धरून त्याने बॅट फिरवली आणि चेंडू आला हळू. हे त्याने पहिल्या दिवसापासून सांगितलं. लोक म्हणत, "बघा, किती साधा माणूस."

त्याचे वडील मर्ल गावात केस कापायचे. खुर्चीत बसेल त्याला ते ऐकवत, "मागच्या अंगणात बादली ठेवून नेम शिकवलाय मी त्याला. बेस बघूनच मारला त्याने." आई गेल्यापासून म्हाताऱ्याला तेवढंच उरलं होतं. त्यांच्यासमोर वेंडेल गप्प बसायचा.

एका शनिवारी तो गळ्याला कापड बांधून खुर्चीत बसलेला असताना एक उंच माणूस आत आला. वेंडेलने आरशातच ओळखलं. तिसऱ्या बेसवर तेव्हा हाच होता, डेलरॉय टेटम.

"पुतणीच्या लग्नाला चाललोय," टेटम म्हणाला. "वाटेत पाटीवर ओक्स नाव दिसलं. एकच विचारायचंय."

"विचार ना."

"मी दोन पावलं पुढे उभा होतो. मागे असतो तर अडवला असता, असं आमच्या मॅनेजरने जगाला सांगितलं. पुढच्या वर्षी मला कुणी घेतलं नाही. तू मला पुढे आलेला बघून मारलास, की लागला आपला कसातरी?"

कात्री थांबली. आरशात दोघंही वेंडेलकडे बघत होते. त्याचे हात कापडाखाली होते, आणि ते कुठे ठेवावेत हेच त्याला कळेना.

"लागला कसातरी," तो शेवटी म्हणाला. "मी पार फसलो होतो. तू कुठेही उभा असतास तरी काही करता आलं नसतं."

मर्लनी कात्री ठेवून वस्तरा उचलला. मग हसले. "हा असाच आहे लहानपणापासून. स्वतःकडे मोठेपणा म्हणून घ्यायचा नाही."

टेटमने बापाकडे पाहिलं, मग लेकाकडे, आणि हळूच मान हलवली.

"बायको म्हणालीच होती," तो म्हणाला, "माणूस भला असेल तर माझं मन राखायला असंच सांगेल म्हणून. आभारी आहे."

"अरे, तसं नाही, ऐक तर..." वेंडेल उठायला गेला.

मर्लनी त्याचा खांदा दाबला. "हलू नकोस. वस्तरा आहे हातात."

दार लागलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मर्ल त्याच्या मानेवरचे केस झटकत राहिले, झटकून झाल्यावरही. मग आरशात न बघता त्यांनी विचारलं, "नेम होता ना पण?"

वेंडेलने आरशात त्यांच्या खाली गेलेल्या नजरेकडे पाहिलं.

"होता, बाबा."

"मग," मर्ल म्हणाले, आणि त्यांनी त्याचं डोकं पुन्हा खाली वाकवलं.