तिरक्या नजरेची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, पण तारे दाखवणारी नव्हे. मी माणसांच्या नाकात शिरते. लगेच नाक मुरडू नका. तुमच्या नाकाच्या आजूबाजूला बघण्यासारखे पुष्कळ आहे.

पेन्सिलीहून बारीक पोलादी नळी, आत काचेच्या कांड्या, एका टोकाला डॉक्टरांचा डोळा आणि दुसऱ्या टोकाला माझा, अशी माझी घडण. कारागिराने माझ्या टोकाची काच मुद्दाम तिरकी बसवली. त्यामुळे मला समोरचे दिसत नाही, कोपऱ्यातले दिसते. माझ्याच खोक्यात माझी थोरली बहीण असे. ती सरळ नजरेची, नाकासमोर बघणारी, म्हणून सगळ्यांची लाडकी. मला हाती धरले की शिकाऊ डॉक्टरांना गरगरायचे. मग माझा मुक्काम बहुतेक वेळ खोक्यातच. तिरके बघून बघून माझा स्वभावही संशयी झाला. कोणी ‘सगळं ठीक आहे’ म्हणाले, की मला वाटते, कुठेतरी पाणी मुरते आहे.

आणि पाणी मुरायला तुमच्या चेहऱ्यात जागा भरपूर. कपाळात पोकळ्या, दोन डोळ्यांच्या मधे मधाच्या पोळ्यासारखे कप्पे, गालांच्या हाडांत दोन मोठ्या खोल्या, पार मागे आणखी दोन. यांनाच सायनस म्हणतात. गालातल्या खोलीचे दार तर छतालगत आहे. असे घर बांधणाऱ्या गवंड्यावर मी कधीच विश्वास ठेवला नसता. दार सुजून बंद झाले की आतले बाहेर पडत नाही, साचते, आणि माणसाचे डोके जड होते. मग ऑपरेशन करून दार मोठे करावे लागते. शेजारीच डोळा, आणि मधे कागदासारखे पातळ हाड. तिथे हात जपूनच चालवावा लागतो.

आमच्या डॉक्टरबाईंचा हात जपूनच चाले. त्यांच्याजवळ उभ्या असत मोठ्या सिस्टर. रक्त थांबवायला डॉक्टरबाई औषधात भिजवलेल्या कापसाच्या छोट्या पट्ट्या नाकात ठेवत. प्रत्येक पट्टीला एक निळा दोरा असे आणि तो नाकाबाहेर लोंबत राही. शेवटी सिस्टर दोरे मोजत. जितके आत गेले तितके बाहेर आले, की ऑपरेशन संपले. मोजताना सिस्टर गुणगुणायच्या. हिशेबाच्या वेळी गाणे सुचणाऱ्या माणसावर माझा काडीचा भरवसा नव्हता.

एकदा साबणाच्या कारखान्यातले एक काका आले. दर घाण्याचा, म्हणजे एका खेपेत शिजलेला, साबण हुंगून तो बाजारात पाठवायचा की नाही, हे ठरवणे त्यांचे काम. नाकात मांस वाढल्याने त्यांना कशाचाच वास येईना. ऑपरेशन झाले, मांस निघाले, सिस्टर गुणगुणत म्हणाल्या, “दहा आत, दहा बाहेर.” आठवड्याने काकांनी सिस्टरांच्या हाताला कुठला साबण आहे ते डोळे मिटून ओळखले. सगळे हसले. मी मात्र खोक्यात विचार करत होते की इतके सुरळीत कसे झाले.

तिसऱ्या आठवड्यात काका परत आले, उतरलेल्या चेहऱ्याने. त्यांना सगळ्यालाच कुजका वास येत होता. त्या भरात त्यांनी तीन चांगले घाणे नापास केले होते. कारखान्याने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. तोवर नाक ताळ्यावर आले नाही तर त्यांना घरी बसावे लागणार होते. डॉक्टरबाईंनी थोरलीला आत घातले. तिला नाक स्वच्छ दिसले. औषधे झाली, पुन्हा थोरली, पुन्हा स्वच्छ.

“काका, आत काही नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कधीकधी वासाचा नुसता भास होतो.”

“मॅडम, तीस वर्षं या नाकावर घर चाललंय,” काका हळूच म्हणाले. “भास कुठला आणि वास कुठला, ते मला कळतं. आणि भास काय फक्त डाव्या नाकपुडीत होतो?”

मला तर खात्रीच झाली. पट्टी राहिली आहे, आणि ती गुणगुणणाऱ्या बाईंनी मोजणीत खाल्ली आहे. आता त्या विषय बदलतील, मी वाटच बघत होते.

सिस्टरांनी खोक्याचे झाकण उघडले. “मॅडम, मोजणी बरोबर होती, शपथेवर सांगते. पण एकाच बाजूला घाण वास येतो, म्हणजे आत काहीतरी आहे. तिरकी देऊ का? माझी चूक निघाली तर निघू दे.”

मित्रांनो, मला स्वतःचीच लाज वाटली. पण लाजायला वेळ नव्हता. नाकात बधिर करणारे औषध फवारले आणि मी डाव्या बाजूने आत गेले. गालातल्या खोलीच्या दाराशी मला वळवले. खाली, पुढच्या कोपऱ्यात, जिथे थोरलीची नजर कधीच पोचली नसती, तिथे एक करडा बोळा पडला होता. डॉक्टरबाईंनी वाकड्या चिमट्याने तो अलगद ओढून ट्रेमध्ये ठेवला. अर्धी पट्टी. एक कड कात्रीने सरळ कापलेली. दोरा नाहीच.

ती कड बघून डॉक्टरबाईंना आठवले. काकांच्या नाकाचा पडदा डावीकडे वाकडा, जागा अरुंद, म्हणून त्यांनी एक पट्टी उभी कापून दोन्ही तुकडे आत ठेवले होते. दोरा असलेला तुकडा बाहेर आला. बिनदोऱ्याचा आतच राहिला. दोरे मात्र दहाच्या दहा भरले. पट्टी कापल्याचे सिस्टरांना कळले नाही, कारण त्या क्षणी त्या पाठ वळवून धुके धरलेली काच पुसत होत्या. माझी काच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि मी स्वतः त्या फडक्यात तोंड खुपसून बसले होते.

“चूक माझी आहे,” डॉक्टरबाई काकांना म्हणाल्या. “मी कापली आणि बोलले नाही. तुम्ही खरं सांगत होतात, तर मी भास म्हटलं. कारखान्याला चिठ्ठी देते, त्यात हे सगळं लिहिते.”

काकांनी त्या बोळ्याकडे बोट दाखवले. मग म्हणाले, “लिहा. पण आधी एवढं लिहा, की माझं नाक खोटं बोलत नव्हतं.”

महिना संपायच्या आत काका कामावर गेले. इथे एक नवा नियम झाला. पट्टी कापली की कापणाऱ्याने मोठ्याने सांगायचे, आणि शेवटी सिस्टर दोन्ही तुकडे कडेला कड लावून जुळवतात. गुणगुणणे चालूच आहे.

आता माझ्या आतली एक कांडी तडकली आहे. चित्राच्या कडेला काळी कोर दिसते. टोकाला छोटा कॅमेरा असलेल्या नव्या दुर्बिणी आल्या आहेत आणि मी कपाटात असते. मोठ्या सिस्टर अधूनमधून माझी काच पुसतात, उगीचच. मित्रांनो, जुन्या वस्तूंना फेकू नका, एवढेच मागणे नाही माझे. संशय जरूर घ्या, पण तो आधी आपल्या कामावर घ्या, आणि दुखते म्हणणाऱ्यावर सगळ्यात शेवटी. मी अजून सिस्टरांकडे तिरकेच बघते, कारण मला दुसरे येत नाही. पण त्या गुणगुणत मोजू लागल्या, की आता मीही त्यांच्याबरोबर मोजते.