घाटासाठी कूलर

"बाई, सगळे हाच नेतात," असं म्हणत मिस्त्रीने गिअरबॉक्सचं तेल थंड करायचा एक हलकासा कूलर माझ्यासमोर ठेवला. एकच नळी नागमोडी वळवलेली आणि मधे पातळ पत्रे. सोबत प्लॅस्टिकच्या चार पट्ट्या. "या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या आणि मागून खेचायच्या. अर्ध्या तासाचं काम. गाडी इथे सोडा आणि चहा पिऊन या."

"आणि गाडी हादरली की याच पट्ट्या जाळी कापत बसणार," मी म्हटलं. "वर्षभरात रेडिएटर गळायला लागेल."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला कोणी कशाला सांगायला हवं? तेहतीस वर्षं बस डेपोच्या स्टोअरला होते मी. कापलेले रेडिएटर शेवटी माझ्याच खिडकीत जमा व्हायचे."

डेपोत मला सगळे स्टोअरबाई म्हणायचे. नवा पार्ट द्यायचा, जुना परत घ्यायचा, चिठ्ठी फाइलला लावायची. कुठला बोल्ट कुठल्या मापाचा हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण गाडीखाली मला कोणी कधी जाऊ दिलं नाही. एकदा हौसेने पाना हातात घेतला तर फोरमन म्हणाला, "बाई, कपडे खराब होतील." तो माणूस रिटायर होऊन वीस वर्षं झाली, माझा राग काही अजून रिटायर झालेला नाही.

मी वर बोट दाखवलं. फळीवर एक जाडजूड कूलर धूळ खात पडला होता. सपाट पट्ट्या एकावर एक रचलेला, दोन्ही टोकांना भक्कम तोट्या.

"तो काढा."

"तो ट्रकसाठी मागवलेला. गिऱ्हाईक आलंच नाही."

"आलं की आता."

मिस्त्री शिडी लावता लावता पुटपुटला, "वीस वर्षं झाली या गाडीला. कूलर कसले घालताय, भंगारात घाला."

"भंगारात तुमची जीभ घाला आधी."

तो हसला. माणूस वाईट नव्हता, पण हा कूलर लावायचा तर लोखंडी पट्ट्या तयार करायला हव्यात, भोकं पाडायला हवीत, आणि पुढच्या आठवड्याशिवाय त्याला वेळ नव्हता. मला पुढचा आठवडा परवडणारा नव्हता. मी म्हटलं, "मग माझी मीच बसवते." यावर तो पुन्हा हसला, आणि ते हसणं मात्र मला लागलं.

पुढचा आठवडा न परवडण्याचं कारण मधमाश्या. माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, तीस पेट्या आहेत आणि त्यावरच तिचं चालतं. आमच्या बाजूची फुलं संपली की पेट्या घाटापलीकडे न्याव्या लागतात, तिकडे तेव्हा फुलोरा सुरू होतो. आठ दिवस उशीर झाला तर माश्या उपाशी मरतात. मधमाश्या म्हटलं की ट्रकवाले हात जोडतात. राहता राहिली आमची जुनी गाडी. यजमानांनी घेतलेली, ते गेल्यापासून मी चालवते. मागे ट्रॉली जोडायची, पेट्यांची तोंडं जाळीने बंद करायची आणि ऊन चढायच्या आत घाट ओलांडायचा. बंद पेटीला ऊन सोसत नाही.

गेल्या वर्षी गाडी चढणीवर बंद पडली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सगळा तेलावर चालतो, आणि भरल्या ट्रॉलीने चढताना ते तेल तापतं. कंपनीने ते थंड करायला रेडिएटरच्या पोटात एक छोटी नळी दिली आहे, पण ती सपाट रस्त्यापुरती. तेल करपलं, गाडी जागची हलेना. मदत येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. अकरा पेट्या आतल्या आत गुदमरून गेल्या. मेण वितळून मध ट्रॉलीतून रस्त्यावर गळत होता. ताई एकेक पेटी उघडून बघत होती आणि मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. वर्षभर मी तिच्या घरी गेले की चहा घ्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं आणि निघायचं, असं चाललं होतं. उरलेल्या पेट्यांचे नवे गट पाडून तिने पुन्हा तीस केल्या.

चिरंजीवांनी तेव्हाच गाडी विकायचा धोशा लावला. शेवटी माझ्याकडून वचन घेतलं. "आई, यंदा घाटात एकदा जरी बंद पडली ना, तर त्याच दिवशी विकायची. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. ताईने पुन्हा मेलेल्या माश्या भरायच्या आणि मी बघत उभं राहायचं, यापेक्षा गाडी गेलेली बरी.

घरामागे गाडी उभी केली आणि पुढची जाळी उतरवली. कूलर कुठे बसवायचा यात माझी सकाळ गेली. सगळ्यात पुढे, जिथे वारा आधी लागतो तिथे. पण मागच्या रेडिएटरच्या जाळीला चिकटवून नाही, मधे बोटभर जागा हवी. तोट्या वरच्या बाजूला, म्हणजे आत हवा अडकत नाही. मी पत्र्याला दोन लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळल्या आणि कूलर त्यांवर बसवला. जाळीला एक भोक पाडलं नाही. नळ्या तेलासाठीच्याच घेतल्या, पाण्याचा पाइप तेलाने फुगतो. जिथे नळी पत्र्याच्या धारेला घासत होती तिथे जुन्या पाइपचा तुकडा चिरून वरून चढवला. येणारी नळी कुठली आणि परत जाणारी कुठली हे ठरवायला एक सोडवून डब्यात धरली आणि मुलाला म्हटलं, "सुरू कर. लगेच बंद कर." तेल डब्यात न पडता माझ्या कोपरापर्यंत आलं.

"आई, हे वय आहे का तुझं?"

"मग कुठलं होतं? तेव्हा कोणी करू दिलं का?"

मग न सांगता त्याने मला फडकं आणून दिलं.

तेलाचं तापमान दाखवणारा काटाही मीच बसवला, चालवताना समोर दिसेल असा. जुनं तेल काळं पडलं होतं. ते काढलं, चार लिटर निघालं. गाडीचं पुस्तक उघडलं, तर लिहिलेलं आठ लिटर. मी आठ लिटर घातलं. डेपोत चिठ्ठीवर आठ असेल तर आठच द्यायचे, साडेसात नाही की सव्वाआठ नाही, या शिस्तीत माझा जन्म गेला.

संध्याकाळी रिकामी ट्रॉली लावून मुलगा आणि मी गावाबाहेरच्या चढावर गेलो. मैलभर गेलो असू नसू, खालून फसफस आवाज आला आणि गाडीभोवती पांढरा धूरच धूर. लाल तेल फेसाळून बाहेर येत होतं आणि तापलेल्या पाइपवर जळत होतं. परवा पहाटे निघायचं होतं.

"झालं!" मुलगा म्हणाला. "मी उद्याच गिऱ्हाईक बघतो."

"वचन घाटातलं आहे. हा घाट नाही. आणि बंद कुठे पडलीय? चालूच आहे की!"

"धुरात बसून काय बोलतेस आई तू!"

मिस्त्रीला फोन लावण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. ज्याच्यासमोर तोरा मिरवला त्यालाच विचारायचं म्हणजे जिवावर आलं, पण ताईच्या पेट्यांपुढे माझा तोरा काय चीज आहे?

"किती काढलंत?" त्याने विचारलं.

"चार."

"आणि घातलंत?"

"आठ. पुस्तकात आठ आहे."

पलीकडे तो असा हसला की मुलालाही ऐकू गेलं. "अहो बाई, अर्धं तेल आत गिअरबॉक्सच्या कन्व्हर्टरमध्येच राहतं! पुस्तकातलं आठ कोऱ्या गिअरबॉक्ससाठी. जादाचं काढा. आणि पातळी बघायची ती गाडी तापलेली हवी, इंजिन चालू हवं. बंद गाडीत बघू नका."

"हसून झालं?" मी विचारलं.

"झालं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "धूर कूलरमधून नाही ना येत?"

मी वाकून बघितलं. कूलर कोरडा होता. माझा एकही जोड गळत नव्हता. "नाही," मी म्हटलं. तो म्हणाला, "मग काम चांगलं झालंय." हे त्याला हसायच्या आधी म्हणता आलं असतं.

जादाचं तेल काढून तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. शेजारी ताई, मागे ट्रॉलीत तीस पेट्या, त्यांच्या मागे मोटारसायकलवर चिरंजीव. ताई समोर बघत बसली होती, हात मांडीवर घट्ट धरलेले. पायथ्याला काटा ऐंशीवर, पहिल्या वळणांनंतर नव्वद. निम्म्या चढणीला शंभर झाला. एकशे वीसच्या पुढे गेला तर तेल करपणार, हे मला पाठ होतं. गेल्या वर्षीची जागा गेली तेव्हा ताईने डोळे मिटले. मला मिटता येत नव्हते.

एकशे पाच. एकशे आठ. ऊन समोरच्या डोंगरावरून खाली सरकत होतं. मुलगा बाजूने पुढे आला आणि हात हलवून ओरडायला लागला, "थांब! गाडीला थंड होऊ दे!"

गाडी थंड झाली असती. पेट्या नसत्या झाल्या. मी खिडकीतून ओरडले, "मागे हो!" आणि दांडा ओढून गिअर दुसऱ्यावर आणला, खालच्या गिअरवर तेल कमी तापतं. इंजिन किंचाळायला लागलं, वेग निम्मा झाला. मागे एक ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता. वाजव बाबा, तुझं इंधन, तुझा हॉर्न. मी माझ्याच चालीने गेले. काटा एकशे दहावर थरथरला, तिथेच राहिला, आणि मग एकशे आठ. एकशे चार.

"कमी होतोय का गं?" ताईने डोळे न उघडता विचारलं.

"होतोय."

माथा ओलांडून पलीकडच्या माळावर पोचलो तेव्हा ऊन नुकतं गवतावर आलं होतं. मुलाने आणि मी पेट्या उतरवल्या. ताईने एकालाही बोलू दिलं नाही. प्रत्येक पेटीला कान लावायची, बोटाने टकटक करायची, आतली गुणगुण ऐकायची आणि पुढच्या पेटीकडे जायची.

शेवटची झाली. ती उठली आणि गुडघे झाडत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सगळ्या आहेत," ती म्हणाली. आणि मग, "गेल्या वर्षी मला तुझा फार राग आला होता. इतका, की तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते देव जाणे."

"माहीत आहे मला."

"वर्षभर होता."

"तेही माहीत आहे, ताई."

तिने माझे हात बघितले. नखांत काळं, कोपराला खरचटलेलं. ते तिने थोडा वेळ धरून ठेवले. मग म्हणाली, "चल, पहिल्या पेटीचं तोंड तू उघड."

मी साठ वर्षांत उघड्या पेटीच्या दहा पावलांत गेलेली नाही, मला भीती वाटते, आणि हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. मुलगा म्हणाला, "आई, हातमोजे तरी घाल." मी तशीच पुढे झाले आणि जाळी काढली. माश्या आधी एकेक आणि मग भराभरा बाहेर पडून उन्हात गेल्या. एक मनगटावर बसली आणि तिने डंख मारला. मी हूं की चूं केलं नाही, दुसऱ्या पेटीची जाळी काढायला घेतली.