हिरवा पट्टा

इंदिरानगरच्या त्या शाळेत सीनियर केजीच्या मुलांचंही पदवीदान असतं. काळा झगा, चौकोनी टोपी, गळ्यात रंगीत पट्टा. पहिलीत जाणाऱ्यांना पिवळा. ज्यांना वर्षभर पुन्हा त्याच वर्गात बसायचंय, त्यांना हिरवा. टीचरनं फराजच्या आईला, सलिमाला, आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिरवा म्हणजे वाढतं रोपटं, मॅडम. मनाला लावून घेऊ नका."

फराज बोलताना अडखळायचा, अक्षरं उलटी काढायचा. सलिमानं नवऱ्याला सगळं सांगितलं. सासऱ्यांना सांगायचं मात्र रोज उद्यावर गेलं. नातू म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

आज सासरे, सलाउद्दीनमियाँ, सिन्नरहून पेढे घेऊनच हजर झाले. फराज स्टेजवरून धावत आला आणि त्यांचे डोळे चमकले.

"दर्ग्याच्या चादरीचा रंग! एवढ्या पोरांत माझ्याच नातवाला? शाळेनं मान ठेवला बघ."

आता सांगायलाच हवं होतं. सलिमा भलतंच बोलत सुटली. "अब्बा, हा पोशाखच मुळात युरोपातला. पूर्वी तिकडे शिकवणारे, शिकणारे बहुतेक धर्मगुरूच. दगडी इमारतींत मरणाची थंडी, म्हणून पायघोळ झगे अन् डोकं झाकायला टोपडं. रंग पुढे आले, कोण काय शिकलंय ते ओळखू यावं म्हणून."

"मग हिरवा कशाचा?"

"काही देशांत... डॉक्टरकीचा."

खोटं नव्हतं ते. तिनं स्वतःच्या पदवीदानाच्या वेळी हौसेनं वाचलं होतं.

"मग तर झालंच," म्हणत म्हातारा उठला आणि आजूबाजूच्या पालकांच्या हातावर पेढे ठेवत निघाला. "घ्या, आमच्या डॉक्टरसाहेबांचे." पिवळ्या पट्ट्यातल्या मुलीच्या आईनं फराजच्या गळ्याकडे पाहिलं, मग सलिमाकडे, आणि खाली मान घालून पेढा घेतला.

फराजनं आजोबांची बाही ओढली. "नाही दादा. हि-हिरवा म्हणजे परत इथंच. पि-पिवळे पुढे जाणार." खुशीत सांगत होता. त्याच टीचर, तोच झोका. त्याला कशाचं दुःख?

सलाउद्दीनमियाँनी मुलांच्या रांगेवरून नजर फिरवली. पिवळे, सगळे पिवळे, टोकाला एक हिरवी पोर. त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

"घरीच सांगायचं होतंस बेटा," ते हळूच म्हणाले. "चारचौघांत पेढे वाटत फिरलो मी."

रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

फराज दादांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. यात वाईट वाटण्यासारखं काही आहे, हे त्याला आजवर कुणी कळू दिलं नव्हतं. त्यानं पट्टा डोक्यावरून ओढून काढला. टोपी खाली पडली, ती उचलायचंही त्याला सुचलं नाही.

"अम्मी," तो म्हणाला, "टी-टीचरकडे पिवळा मागू?"