कंसातली माणसं

माझ्या लग्नाची यादी मीच केली. नवरीनं मेंदीचं बघावं, यादीचं नाही, असं झुंबर आत्याचं म्हणणं होतं. पण पुण्याच्या कंपनीत दिवसभर याद्याच साफ करणारी पोरगी घरात असताना ते काम बाहेर कशाला द्यायचं, असं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवून टाकलं. मीही लगेच हो म्हणाले. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

यादी तीन ठिकाणांहून आली. आप्पांची वही, आईच्या माहेरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि आत्यानं मोबाईलवर एका बोटानं टाइप केलेलं एक पुराण. ते सगळं मी एका सीएसव्ही फाइलमध्ये ओतलं. सीएसव्ही म्हणजे काही भारी प्रकार नसतो. साधा मजकूर, एका ओळीत एक माणूस, आणि नाव, गाव, मोबाईल यांच्यामध्ये एकेक स्वल्पविराम. स्वल्पविराम दिसला की कॉम्प्युटर निमूट पुढच्या रकान्यात जातो. आत्यानं एका ओळीत 'बन्सी, तो न्हवं, दुसरा' असं लिहिलं होतं. त्यामुळे बन्सीचं गाव 'तो न्हवं' झालं आणि मोबाईल नंबर 'दुसरा'.

एकूण ओळी भरल्या नऊशे बारा. मी पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, उघडलं, त्यात पांडाज नावाची लायब्ररी घेतली. याद्या वाचायची, कापायची, जोडायची सगळी आयती अवजारं त्या लायब्ररीत असतात आणि माझं पोट त्यांच्यावरच चालतं. फाइल वाचली आणि मला कंस दिसले. आमच्याकडच्या माणसांनी जवळजवळ प्रत्येक नावापुढं कंसात काहीतरी लिहून ठेवलं होतं.

बन्सी दरेकर (दूध). बन्सी दरेकर (दाढी). गोरक्षनाथ दरेकर (टाकीजवळचा). गोरक्षनाथ दरेकर (मागच्या लग्नात रुसला होता). भीमा दरेकर (बोलवा, आला नाही तरी चालेल). भीमा दरेकर (याच्या बायकोला सांगा, याला सांगून उपयोग नाही).

आता हे कार्डावर कसं छापणार? माझं डोकं फिरलं. मी एक ओळ लिहिली आणि सगळे कंस आतल्या मजकुरासकट उडवले. मग दुसरी ओळ लिहिली, ड्रॉप डुप्लिकेट्स. एकसारखी नावं दिसली की पहिलं ठेवायचं आणि पुढची काढून टाकायची, हे त्या ओळीचं काम. नऊशे बाराची यादी सहाशे पंचावन्नावर आली. एका झटक्यात अडीचशे माणसं कमी झालेली बघूनही मला शंका आली नाही. उलट मी आप्पांना अभिमानानं सांगितलं, की तुमच्या यादीत बराच कचरा होता.

ऑफिसात असं केलं असतं तर साहेबांनी मला उभं केलं असतं. पण घरचं काम म्हटलं की आपण तपासत नाही. काष्टीपासून सहा किलोमीटरवरची आमची वाडी सगळी नाथभक्त आहे. पोरगं झालं की नाथाचं नाही तर आजोबाचं नाव ठेवायचं, त्यामुळं पंधरा-वीस नावांत गाव संपतं, आणि आडनाव सगळ्यांचं दरेकर. तिथं माणसाची ओळख नावात नसते, कंसात असते. सहा वर्षं पुण्यात राहून मी तेवढंच नेमकं विसरले होते.

प्रेसवाल्यानं मधली नावं घालू नका, जागा पुरत नाही, असं बजावलं होतं. मीही फाइल जशी होती तशी त्याला पाठवली. कार्डं आली, गुलाबी, कडेला सोनेरी वेल. वर ठळक अक्षरात 'श्री. व सौ. गहिनीनाथ दरेकर यांची कन्या चि. सौ. कां. धनश्री', खाली निमंत्रक म्हणून यादीच्या सुरुवातीची भावकीतली नावं, आणि पाकिटांवर एकेका पाहुण्याचं नाव. आत्या आणि आप्पांनी दोन दिवसांत कार्डं वाटून टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तीन बन्सी एकत्र आमच्या दारात आले. तिघांच्या हातात मिळून एक कार्ड होतं.

"आप्पा, हे नक्की कुनाला हाय?" दूधवाल्या बन्सीनं विचारलं. "आमचं काय न्हाई, आमी एकाच कार्डावर तिघं जेवू. पन घरात बायका इचारत्यात."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी लॅपटॉपकडं धावले, आणि जुनी फाइल उघडून पहिल्याच दोन ओळींवर थांबले.

पहिली ओळ होती गहिनीनाथ दरेकर (मी). आप्पांनी स्वतःच्या वहीत स्वतःला असं लिहिलं होतं. दुसरी ओळ होती गहिनीनाथ दरेकर (धाकला). हे आमचे तात्या, आप्पांचे चुलतभाऊ. दोघं चार दिवसांच्या अंतरानं जन्मले. दोन्ही घरांनी गहिनीनाथाला नवस बोललेला, आणि बारशाला कुठल्याच घरानं माघार घेतली नाही. माझ्या मशीननं कंस काढले, दोन्ही नावं सारखी दिसली, आणि नियमाप्रमाणं पहिलं ठेवून दुसरं काढून टाकलं. माझ्या लग्नाच्या कार्डावर माझ्या सख्ख्यासारख्या चुलत्याचं नाव नव्हतं.

दुसरा कुणी असता तर हात जोडून मिटवता आलं असतं. पण तात्यांचं आणि आप्पांचं नऊ वर्षं बोलणं बंद होतं. नऊ वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका कांदा मेळाव्याचं पत्र आलं, उत्कृष्ट कांदा उत्पादक म्हणून श्री. गहिनीनाथ दरेकर यांचा सत्कार करायचा आहे. पोस्टमनला आमचं घर आधी लागतं. आप्पा फेटा बांधून गेले आणि शाल, श्रीफळ, ढाल घेऊन आले. तात्यांचं म्हणणं, कांदा माझा, अधिकारी माझ्या रानात आले होते. आप्पांचं म्हणणं, पत्र माझ्या नावानं आलं. दोघंही खरंच बोलत होते, त्यामुळे भांडण मिटायला जागाच नव्हती.

गेल्या दिवाळीत माझी सुपारी फुटली तेव्हा तात्या आपणहून आले. आप्पांशी दोन वाक्यं बोलले आणि म्हणाले, मांडव माझ्या रानात घाला, कांदा काढून रान मोकळंच आहे. तेव्हापासून ते रोज ट्रॅक्टर घालून ते रान सपाट करत होते.

मी पळत बांधावर गेले. ट्रॅक्टर रानाच्या मधोमध आडवा उभा होता आणि त्याची किल्ली काढलेली होती. आमच्याकडं याला निरोप म्हणतात.

तात्या ओट्यावर बसले होते. साळू काकीनं मला पाणी दिलं, पण नेहमीसारखी 'बस' म्हणाली नाही. मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी मन लावून ऐकलं. ते हुशार आहेत, आणि ते हुशार आहेत हीच माझी अडचण होती.

"म्हंजे तुझ्या मशिनीनं मला तुझा बाप समजलं," ते म्हणाले.

"हो, तात्या."

"आन दोन बाप कशाला, म्हनून एक काढला."

"तसंच झालं."

"काढताना मलाच का काढलं?"

"जो आधी लिहिलेला असतो तो ठेवते ती."

"वही कुनी लिवली?"

वही आप्पांनी लिहिली होती.

"मंग मशिनीची चूक न्हाई," तात्या म्हणाले. "पोस्टमनची बी नव्हती."

मागून आलेल्या झुंबर आत्यानं तोडगा काढला, की उरलेल्या कार्डांवर तात्यांचं नाव पेनानं लिहू, अक्षर धनूचं चांगलं आहे. तात्या म्हणाले, "पेनानं लिवलेला चुलता मला व्हायचं न्हाई." नवीन कार्डं छापायला वेळ नव्हता. लग्न पाच दिवसांवर आलं होतं आणि कार्डं पार कोल्हारपर्यंत पोचली होती.

मी घरी येऊन रडले. खरं सांगायचं तर लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच रडले. दहावीनंतर मला काष्टीला कॉम्प्युटरचा क्लास लावायचा होता तेव्हा आप्पा म्हणाले होते, पोरीला संध्याकाळी कोण आणणार-नेणार. तात्यांनी सहा महिने मला त्यांच्या एम-एटी गाडीवर नेलं आणि आणलं. क्लास सुटेपर्यंत ते बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहायचे. त्या माणसाला मी कॉम्प्युटरनंच उडवलं होतं, आणि तो मांडवात नसताना मला लग्नच करायचं नव्हतं.

तसं मी आप्पांना स्पष्ट सांगितलं. मी म्हणाले, "चूक माझी आहे, पण ती तुम्हालाच निस्तरावी लागेल. तात्या माझ्यावर चिडलेलेच नाहीत."

"मी काय चोरी केली का?" आप्पा तडकले. "पत्रावर माझंच नाव हुतं."

"नाव दोघांचं होतं. कांदा कुणाचा होता?"

त्यावर आप्पा उठून गोठ्यात गेले आणि गायीवर उगाच ओरडले. ती बिचारी नुसती उभी होती. तासाभरानं ते बाहेर आले, टोपी घातली, एक कार्ड खिशात कोंबलं आणि बांधाकडं चालू लागले. मी मागोमाग गेले. आत्याही निघाली. असली गोष्ट आत्या कशी सोडेल.

आप्पा ओट्याच्या खालीच उभे राहिले. वर या असं तात्या म्हणाले नाहीत.

"अधिकारी तुझ्या रानात आल्ते," आप्पा म्हणाले. "मला ठावं हुतं. मी तवा बांधावरनं बघितलं हुतं. त्यो सत्कार तुझा हुता."

नऊ वर्षं तात्या हे वाक्य ऐकायला थांबले होते, आणि आल्यावर त्याचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं, असं मला वाटलं.

आप्पांनी खिशातलं कार्ड काढलं. "ह्याच्यावर एकच गहिनीनाथ दरेकर हाय. तवा तुझं नाव मी घेतलं. आता ह्ये नाव तू घे."

तात्यांनी कार्ड हातात घेतलं आणि वरची ओळ बोट ठेवून वाचली. "ह्यात तर लिवलंय, यांची कन्या."

"व्हय."

"मंग पोरगी बी माझी?"

"तुझीच. क्लासला कोन न्हेत हुतं तिला?"

"आन तू कोन मंग?"

"मी कुनी न्हाई," आप्पा म्हणाले. "मी यादीतनं उडालेला."

आत्यानं पदर तोंडाला लावला, ती हसत होती की रडत होती ते कळलं नाही. तात्यांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं, पाकिटात नीट सरकवलं, आणि ओट्यावरून खाली उतरले. आप्पांच्या समोर जाऊन त्यांनी ते कार्ड दोन्ही हातांनी पुढं केलं.

"माझ्या पोरीचं लगीन हाय येत्या रविवारी," ते म्हणाले. "सहकुटुंब यायचं."

आप्पांनी कार्ड घेतलं. "येतो की," ते म्हणाले, "बोलवलं म्हनल्यावर यायलाच पायजे." काकीनं आतून घोंगडी आणून ओट्यावर टाकली आणि चहाला दूध पुरेल का ते बघायला परत आत गेली.

उरलेले चार दिवस तात्यांनी मला माझ्याच लॅपटॉपसमोर बसवलं. जुनी फाइल उघडायला लावली आणि एकेक ओळ वाचायला लावली. मी एक नवा रकाना केला, 'ओळख'. तात्या सांगत गेले, मी भरत गेले. सतरा गहिनीनाथ, अकरा गोरक्षनाथ, नऊ भीमा, कुणाचं घर कुठं आणि कोण कशानं रुसतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. उडालेल्या दोनशे सत्तावन्न ओळींपैकी खरोखर दोनदा आलेली माणसं निघाली एक्केचाळीस. बाकीच्या दोनशे सोळा घरी आप्पा आणि तात्या एका मोटरसायकलवर बसून तोंडी आवतन देऊन आले. कार्ड का नाही, असं कुणी विचारलं की तात्या सांगायचे, कार्ड परक्यांना असतं.

रविवारी तात्यांच्या रानात मांडव उभा राहिला. कन्यादानाची वेळ झाली तेव्हा भटजींनी समोरचं कार्ड उचललं आणि माईकवरून पुकारलं, "वधूचे आई-वडील, श्री. व सौ. गहिनीनाथ दरेकर यांनी पाटावर यावं."

आप्पा जागचे हलले नाहीत. ठरल्याप्रमाणं तात्या आणि काकी उठले, चार पावलं आले, आणि तात्या थांबले. मागं वळून आप्पांकडं बघत उभे राहिले. मांडवात हजारभर माणसं बसलेली. आप्पा मानेनंच त्यांना 'जा' म्हणाले, तरी तात्या हलेनात. शेवटी आप्पांनाही उठावं लागलं, आणि आईलाही.

भटजी गोंधळले. खाली वाकून त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, यातले खरे कोणते?"

मी दोन बोटं वर केली, आणि भटजींनी आणखी दोन पाट मागवले.