एका घोटातल्या गोळ्या

मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. मित्रांनो, जालिंदरकाकांचा जीव माझ्यात आहे, असं सारी गल्ली म्हणायची. खरं तर तंबाखू होती.

गड्ड्याच्या जत्रेत त्यांनी मला घेतलं. चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं मी त्यांच्या मागाशेजारी होतो; मुकादमसुद्धा माझ्यातलं पान मागून खायचा. मग काकांच्या किडन्या थकल्या, पान बंद झालं. मनकर्णाकाकूंनी मला चिंचेनं घासलं आणि माझ्यात गोळ्या भरल्या. चुन्याच्या खणात काकांची पूर्वीपासून चालू असलेली फिटची गोळी, सुपारीच्या खणात कोळशाच्या नव्या काळ्या गोळ्या. डॉक्टरांनी बजावलं होतं : कोळसा पोटातलं विष शोषतो, पण विष कुठलं आणि औषध कुठलं, हे त्याला कळत नाही. म्हणून फिटची गोळी आठला, काळ्या दहाला. रात्रीही तसंच अंतर.

पायांना सूज, म्हणून पाणीही दिवसाला मोजून तांब्याभर. चारचा चहा त्यात बसेना. काका पीत नाहीत म्हणून काकूंनीही सोडला. तेच काकांच्या मनाला लागलं.

काकू शाळेत खिचडी शिजवायला गेल्या, की काका दोन्ही खणांतल्या सकाळच्या गोळ्या एकदम काढायचे. सगळ्या गोळ्या एका घोटात. रात्रीही काकूंची पाठ वळली, की तेच. असे घोट वाचवून चौथ्या दिवशी ते म्हणाले, "टाक चहा. दोगांचाबी."

"अवो, पानी?"

"उरलंय की."

काकू हसल्या. किती दिवसांनी हसल्या. मी सगळं पाहत होतो. मला झाकण होतं, तोंड नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात काकांना फिट आली, ती थांबलीच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, फिटची गोळी चुकत होती का? रक्तात औषध जवळजवळ नव्हतंच.

"एकबी न्हाय चुकली," काकू म्हणाल्या. ते खरंच होतं.

काका परत आले नाहीत.

मित्रांनो, कुठल्या गोळीत किती अंतर ठेवायचं, ते विचारा आणि पाळा. पाणी पुरत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पंधरा दिवसांनी शेजारच्या गुरम्मा चहा घेऊन आल्या. काकूंनी कप हळूच माझ्याशेजारी सरकवला.

"नगं," त्या म्हणाल्या. "चहानं मला पैल्यापासनं पित्त हुतं. त्येंच्या संगतीला म्हनून प्यायची."