गाथोनीची मुलं आणि वरची दोन

गुरुवारचा शेवटचा तास वाचवायचा, तर न्गातियांना खूश करायला हवं, हे वामुयुबाईंना पक्कं ठाऊक होतं.

न्गातिया शाळा समितीचे अध्यक्ष. उमेदीच्या काळात ते चहाच्या खरेदी केंद्रावर पानं तोलायचे. काटा थरथरायचा थांबेपर्यंत त्यांचा तोंडी हिशेब तयार. त्यांचं म्हणणं, पोरांनी आकड्यांची कोडी खेळत बसण्यापेक्षा त्या तासाला शाळेमागे कोबी लावावा. बाईंचं कोबीशी वैर नव्हतं. पण एरवी शिक्षा झाल्यासारख्या बसणाऱ्या पोरी गुरुवारी घंटा झाली तरी उठत नसत. ते सुख कोबीच्या गड्ड्याखाली पुरायला बाईंचा जीव होत नव्हता.

म्हणून पालकसभेत त्यांनी सातवीतल्या न्याकियोला पुढे केलं. खेळ घोटून घेतला होता: वय मनात धरा, दुप्पट करा, पाच मिळवा, पन्नासने गुणा, सकाळपासून प्यायलेले चहाचे कप मिळवा, अडीचशे वजा करा. आलेला आकडा सांगा. शेवटची दोन घरं म्हणजे कप, आधीची म्हणजे वय.

न्गातिया पुढच्या बाकावर डोळे मिटून हिशेब करू लागले. पन्नासने गुणून झालं आणि न्याकियोच्या अंगात आलं. चहाचे कप तिला फारच मिळमिळीत वाटले असावेत.

"गुका," आजोबांना हाक मारावी तशी ती म्हणाली, "आता त्यात तुमची मुलं मिळवा!"

बाई हातवारे करून तिला थांबवू लागल्या. पोटची पोरं मोजायची नसतात. मोजली की दृष्ट लागते. हे त्या डोंगरउतारावर शेळीलासुद्धा माहीत होतं. पण न्गातियांनी क्षणभर एक डोळा उघडला, पुन्हा मिटला आणि म्हणाले, "सहा हजार सातशे आठ."

"वय सदुसष्ट, मुलं आठ!" न्याकियो ओरडली.

टाळ्या सुरू होता होता थांबल्या. मागच्या बाकावर न्गातियांच्या बायकोने, गाथोनीने, विणायला घेतलेली टोपली खाली ठेवली.

"काय गं म्हणालीस? परत म्हण."

"आठ, चुचू," आजीला सांगावं तशी न्याकियो हळूच म्हणाली.

गाथोनी उठली. "मुरीथी. वान्जुगु. थिओंगो. न्जोकी. गाकुरू. आणि शेंडेफळ मुगो. मी तरी एवढ्यांनाच जन्म दिला. मुरीथीचे बाबा, वरची दोन कुणाची?"

तिने आकडा उच्चारला नाही, बोट मोडलं नाही. पण सभागृहातलं प्रत्येक डोकं मनातल्या मनात मोजून मोकळं झालं होतं.

बाईंना आपला तास कोबीच्या वाफ्याकडे चालत निघालेला दिसला. त्या घाईने म्हणाल्या, "अहो, पन्नासने गुणताना होतं असं. मोठमोठे चुकतात."

सुटायला दार उघडं होतं. पण न्गातिया ताडकन उठून उभे राहिले. "कोण चुकतं? मी? दुप्पट एकशे चौतीस. पाच मिळवून एकशे एकोणचाळीस. पन्नासने गुणून सहा हजार नऊशे पन्नास. आठ मिळवले, अडीचशे गेले. दाखवा चूक!"

"चूक नाहीच," गाथोनी टोपली उचलत म्हणाली. "मी माहेरी निघाले."

"तुझ्या माहेरी आता आहे कोण?"

"तुमच्या त्या दोघांपेक्षा जास्त माणसं असतील!"

न्गातियांनी चारी बाजूंना पाहिलं. मग खालच्या आवाजात, जणू दृष्टच कान देऊन उभी आहे अशा बेताने, म्हणाले, "अगं, भरसभेत खरा आकडा कुणी सांगतं का? दोन वाढवून सांगितली. संकट आलंच, तर नसलेल्या दोघांना शोधत बसेल."

मग खिडकीपाशी बसलेला म्हातारा हसू लागला. "पोरीने आधी माझं डोकं खाल्लं असतं, तर मी चार वाढवली असती." बघता बघता सगळं सभागृह आपापली नसलेली मुलं कबूल करू लागलं.

गाथोनी मात्र हसली नाही. तिने न्याकियोला जवळ बोलावलं. "पोरी, मुलांच्या जागी त्यात दुसरं काही घालता येतं?"

"काहीही, चुचू. फक्त शंभराच्या आत हवं."

"शंभराच्या आत," गाथोनी नवऱ्याकडे बघत सावकाश म्हणाली. "मग औंदा बाजारातून येताना वाटेत रिचवलेल्या बिअरच्या बाटल्या यांना विचार. मावतात का बघू."

न्गातिया खाकरले.

"समितीचा निर्णय झालाय," ते मोठ्याने म्हणाले. "गुरुवारचा तास पोरांचा. कोबी शनिवारी लावू. सभा संपली, चहा घ्या!"

"वय दुप्पट करा, गुका," न्याकियो म्हणाली.

पण गुका चहाच्या किटलीपर्यंत पोचलेसुद्धा होते. वामुयुबाईंनी त्यांचा कप काठोकाठ भरला, आणि तो दिवसातला कितवा, हे मुळीच विचारलं नाही.